कपाटातलं इच्छापत्र आणि रात्रपाळीचा डॉक्टर

प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांची, वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेली, सीओपीडी. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. दोन वर्षांपूर्वी तिने नोटरीसमोर लिव्हिंग विल केलं, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलं. मार्चमध्ये एका रात्री दम लागला, शेजाऱ्यांनी गाडी करून रुग्णालयात नेलं. तिथे नळी घालून तिला सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. मुलगा कल्याणहून पोचला, कपाटातून कागद काढून दाखवला, तर "हा कोर्टाचा कागद आहे, यावर आम्ही काय करणार" असं उत्तर मिळालं. आई वाचली, घरी आली, पण "माका परत ती नळी नको" म्हणते. मुलगा विचारतो: मग विल केलं कशाला? आणि डॉक्टर मानतील असं लिहून कसं ठेवायचं?

उत्तर:

तुमचा कागद कायद्याने बरोबर असेल, पण तो वकिलाने वकिलांच्या भाषेत लिहिलेला आहे. रात्री अडीच वाजता तो वाचायची वेळ येते एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या ड्युटी डॉक्टरवर. समोर म्हातारी निळी पडलेली, शेजारी घाबरलेले, सिस्टर विचारतेय "सर, ट्यूब घालायची का?" त्याच्या हातात तीस-चाळीस सेकंद असतात. "मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता असे जाहीर करते की..." अशी दोन पानं त्याने त्या वेळात वाचावीत आणि त्यातून नळी घालायची की नाही हे ठरवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. तुमच्या बाबतीत तर कागद कपाटात होता, म्हणजे त्याला तेही करता आलं नसतं.

मी सिंधुदुर्गात सव्वीस वर्षं फिजिशियन आहे, आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं बराचसा वेळ पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या कामात, जातो. त्या अनुभवावर सांगते, तुमचा प्रश्न दरवर्षी वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येतो.

आधी एक गोष्ट, कदाचित आवडणार नाही. त्या रात्री नळी घालणारा डॉक्टर चुकला असं मला वाटत नाही. सीओपीडीत अचानक वाढलेला दम बऱ्याचदा जंतुसंसर्गाने वाढलेला असतो आणि तो उतरतो. तुमची आई त्यातून उठून घरी आलीच. त्यांचं लिव्हिंग विल त्याला दिसलं असतं तरी कायद्याप्रमाणे ते त्या क्षणी लागू झालंच नसतं. ते लागू होतं केव्हा, तर माणूस बरा न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असेल, बरं होण्याची आशा नसेल, आणि स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. रात्री अडीचला दारात आलेल्या पेशंटबद्दल हे कोण सांगणार? म्हणून तो डॉक्टर आधी जीव वाचवतो, आणि त्याने तेच करावं. फक्त त्याला आधीच कोणीतरी, आईंना ओळखणाऱ्या डॉक्टरने, सांगून ठेवलेलं असायला हवं होतं.

कायद्याचं थोडक्यात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात धरला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कोणी वाटेला जाईना: विलवर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, उपचार थांबवायचे का हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डात वीस वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ हवेत. २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बोर्डातल्या तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव चालतो. रुग्णालयाचं पहिलं बोर्ड आणि दुसरं बोर्ड यांनी शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं, आणि उपचार थांबवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना नुसतं कळवायचं. विलात एकापेक्षा जास्त जवळच्या माणसांची नावं घालता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं विल जाहीरपणे नोंदवलं. आमचे निम्मे पेशंट शेवटी बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात, जातात, त्यामुळे त्या बातमीचं कात्रण मी बरेच दिवस ओपीडीत लावून ठेवलं होतं.

हे सगळं आवश्यक आहे. ते करू नका असं मी म्हणत नाही. पण विल सांगतं की माणसाला काय वाटतं. वॉर्डात काम चालतं ते ऑर्डरवर. सिस्टर सलाईन लावते, इंजेक्शन देते, कॅथेटर घालते ते केस पेपरवर कोणीतरी लिहून खाली सही, तारीख, वेळ टाकलेली असते म्हणून. न लिहिलेली गोष्ट वॉर्डात होत नाही. आणि "करू नये" हीसुद्धा लिहायचीच गोष्ट आहे. ती लिहिलेली नसेल तर आपोआप सगळं केलं जातं. म्हणजे तुमच्या आईंच्या इच्छेचं कोणीतरी ऑर्डरमध्ये भाषांतर करायला हवं, आणि ते काम नोटरीचं नाही, डॉक्टरचं आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ही गोष्ट १९९१च्या सुमारास काही लोकांच्या ध्यानात आली. विल केलेली म्हातारी माणसं रुग्णालयात येत आणि विलाविरुद्धच सगळं होई. त्यांनी एक पानाचा भडक गुलाबी कागद काढला. त्याला पोल्स्ट म्हणतात. छाती दाबायची की नाही, आयसीयूत न्यायचं की नाही, की फक्त आराम द्यायचा, एवढंच त्यावर, आणि खाली डॉक्टरची सही. म्हणजे ती ऑर्डरच. लोक तो फ्रीजच्या दारावर लावतात; घरात शिरलेले ॲम्ब्युलन्सवाले आधी तिथे बघतात. २००९पासून त्यांनी त्याची राज्यभर नोंदवहीही ठेवली, कागद हरवला तरी फोनवर कळावं म्हणून. यातलं एक तत्त्व मला फार पटतं: हा कागद धडधाकट माणसाने भरायचाच नाही. ज्याच्याबद्दल डॉक्टर स्वतःला विचारतो, "हा पेशंट वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?" आणि उत्तर "नाही" येतं, त्याच्यासाठी तो आहे. विल चाळिशीतही करावं. ऑर्डर मात्र आजार समोर दिसायला लागल्यावरच लिहिता येते, कारण काय काय होऊ शकतं हे तेव्हाच ठाऊक असतं.

आपल्याकडे असा ठरलेला गुलाबी कागद नाही. पण हात अगदी बांधलेलेही नाहीत, हे फार थोड्या डॉक्टरांना माहीत असतं. शुद्धीवर असलेला, समजून उमजून बोलणारा पेशंट कोणताही उपचार नाकारू शकतो. त्याला बोर्ड लागत नाही, विल लागत नाही, नोटरी लागत नाही. आईंचं डोकं शाबूत असेल तर आज, आत्ता, त्या सांगतील ते केस पेपरवर लिहून घेता येतं. दुसरं, २०२०मध्ये आयसीएमआरने डीएनएआरची मार्गदर्शक तत्त्वं काढली. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, शॉक देऊन ते चालू करण्याचा प्रयत्न करू नये, एवढ्यापुरतीच ती ऑर्डर. बाकी सगळे उपचार चालूच राहतात, हे त्यात मुद्दाम लिहिलं आहे. मी या दोन आधारांवर माझ्या लेटरहेडवर एक पान लिहिते. ते कायद्याने पोल्स्ट नाही, पण वाचणाऱ्या डॉक्टरला त्याच्या धंद्याच्या भाषेत कळतं, आणि दहापैकी आठ वेळा तेवढं पुरतं. ही माझी मोजणी आहे, कुठल्या अभ्यासातली नव्हे.

आता लिहायचं कसं. हे मी एका चुकीतून शिकले.

हृदय कमकुवत झालेले एक निवृत्त शिक्षक, वय ८२. घरच्यांशी सविस्तर बोलणं झालं, आणि मी फाईलवर लिहिलं: "फार आक्रमक उपचार नकोत." मला वाटलं, झालं काम. दोन महिन्यांनी त्यांना लघवी तुंबून थंडी-ताप भरला. रात्री भरती केलं तेव्हा मी गावात नव्हते. ड्युटीवरच्या मुलाने फाईल उघडली, माझं वाक्य वाचलं, आणि त्याचा अर्थ लावला की यांना शांतपणे पडू द्यायचं. कॅथेटर घातला, पण अँटिबायोटिक सकाळी मी फोन केल्यावर सुरू झालं. ते बचावले. तिसऱ्या दिवशी राउंडला गेले तेव्हा मास्तर उशीला टेकून बसले होते. चष्मा पुसत म्हणाले, "डॉक्टरीणबाय, मी मरूक तयार आसंय, कुसूक नाय." मरायला तयार आहे, कुजायला नाही.

त्या दिवसापासून "आक्रमक उपचार", "विनाकारण ओढाताण नको", "नैसर्गिक मृत्यू", "हिरोइक मेजर्स नकोत" हे शब्द मी ऑर्डरमध्ये लिहायचे बंद केले. प्रत्येक डॉक्टर त्यांचा अर्थ स्वतःच्या स्वभावाप्रमाणे लावतो. त्याऐवजी क्रिया लिहायची: काय करायचं, काय नाही, कुठवर, आणि कुणी थांबवायचं. तुमच्या आईंसारख्याच आजाराच्या एका बाईंचं पान इथे उतरवते, ओळख पटेल असं सगळं काढून:

"हृदय थांबल्यास छाती दाबणे व शॉक देणे: करू नये. घशात नळी व व्हेंटिलेटर: नाही. बायपॅपचा मास्क (नळीशिवाय, मास्कमधून दाबाने हवा): हो, जास्तीत जास्त दोन दिवस, बाईंनी मास्क काढा म्हटलं तर काढावा आणि पुन्हा आग्रह करू नये. ऑक्सिजन: हो, ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच. अँटिबायोटिक, सलाईन, नेब्युलायझर: हो, तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयापर्यंत. घाट ओलांडून किंवा गोव्याला हलवणे: दम लागल्यास नाही, हाड मोडल्यास, किंवा दुखणे इथे आटोक्यात येत नसल्यास हो. नाकातून अन्ननळी: नाही. दम असह्य झाल्यास: खिडकी उघडी, तोंडावर पंखा, मॉर्फिन ठरलेल्या डोसने, बाटली फ्रीजशेजारच्या कप्प्यात. हे बाईंनी स्वतः सांगितले, मुलगी व धाकटा दीर हजर. पुढचा आढावा गणपतीत, किंवा त्याआधी भरती झाल्यास त्याच वेळी."

खाली माझी सही, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, मोबाईल, बाईंचा अंगठा, मुलीची सही.

यात "हो" किती वेळा आलंय ते बघा. नुसत्या "नाही"ची यादी वाचली की वॉर्डातल्या लोकांना वाटतं पेशंट सोडून दिलाय, आणि मग त्याच्याकडे खरोखरच कमी बघितलं जातं. सिस्टर हाक मारल्यावर उशिरा येते, पाठ फिरवायची राहते. डीएनएआर लिहिलेल्या पेशंटच्या बाबतीत ही जगभरची तक्रार आहे. म्हणून दम लागल्यावर काय करायचं हे "नळी नको" याच्या इतकंच ठळक हवं. दुसरं, ओळी एकमेकींशी भांडत नाहीत ना ते तपासा. "छाती दाबा, पण नळी घालू नका" असं मी परगावच्या कागदांवर पाहिलं आहे. छाती दाबून हृदय चालू झालेला माणूस बहुतेक वेळा लगेच नळीवरच जातो. मग त्या ऑर्डरचा अर्थ काय? लिहिणाऱ्याने पेशंटला दोन वेगळे प्रश्न विचारले आणि दोन वेगळी उत्तरं टिपली, एवढाच.

बायपॅपची "दोन दिवस" ही ओळ विशेष. लोकांना वाटतं एकदा मशीन लावलं की काढता येत नाही, म्हणून ते आधीच सगळ्याला नाही म्हणतात. शुद्धीवर असलेला माणूस "काढा" म्हणाला तर मास्क काढता येतो. पण किती दिवस, आणि कशावरून ठरवायचं, हे आधी लिहिलेलं असेल तर तिसऱ्या दिवशी कोणी कोणाचं तोंड चुकवत नाही.

प्रश्न कसे विचारायचे याबद्दल. "आई, तुला व्हेंटिलेटर हवा का?" हा प्रश्न मुलाने विचारायचाच नाही, आणि डॉक्टरनेही नाही. आई मुलाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देते. मी विचारते: गेल्या वेळी हॉस्पिटलात कुठली गोष्ट सगळ्यात जड गेली? घरी आल्यावर पहिल्यांदा काय केलंत? कशामुळे जगावंसं वाटतं? वर ज्यांचं पान दिलं त्या बाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "पडवेत बसान माणसां दिसाक होयी. ती दिसनत नाय तर कित्याक जगाचा?" ते वाक्य मी तसंच, मालवणीतच, पानाच्या डोक्यावर लिहिलं. ऑर्डर नाही ती. पण खालची प्रत्येक ओळ तिच्यातून आली: ज्याने पडवीत परत बसता येईल ते हो, ज्याने येणार नाही ते नाही. यादीत नसलेलं काही घडलं, आणि घडतंच, तर नवख्या डॉक्टरला तेवढा धागा मिळतो.

शब्दांचा घोळही सांभाळा. आपल्याकडे इच्छापत्र म्हटलं की लोकांना मृत्युपत्र आठवतं. एक गृहस्थ माझ्याकडे सातबारा आणि घरपट्टीची पावती घेऊन आले होते आणि "हिस्से डॉक्टरसमोर करायचे असतात का" असं विचारत होते. आणि इच्छामरण म्हटलं की समोर शरपंजरी भीष्म उभा राहतो, नाहीतर विनोबा. पेणजवळच्या गागोद्याचे विनोबा, १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतं. मी सांगते, आपण मरण आणत नाही आहोत. ते येताना वाटेत काय काय आडवं घालायचं, एवढंच ठरवतोय. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या कायद्यात गुन्हाच आहे, आणि ते कोणी मागतही नाही. लोक मागतात ते आपलं घर.

आता तुमच्याबद्दल. अमेरिकेतले डॉक्टर "कॅलिफोर्नियाच्या मुली"ची थट्टा करतात: वर्षानुवर्षं न आलेली मुलगी शेवटच्या दिवशी विमानाने येते आणि सगळं ठरलेलं उलटवते. आमच्याकडे ती कल्याण-डोंबिवलीहून रात्रीच्या गाडीने येते. तुम्ही तसे नाही, आईची बाजू घेऊन भांडलात. पण तुमचे भाऊ-बहीण, आईचा भाऊ, वाडीतले चार समंजस लोक यांच्यापैकी कोणी एक असतो. माझ्या अनुभवात ऑर्डर मोडते ती बहुतेक वेळा अशा एका माणसाच्या "तुम्ही काय तिला मारताय काय?" या वाक्याने, आणि डॉक्टर मागे सरतो, कारण भांडणाची भीती त्यालाही असते. यावर कागदाचा उपाय नाही. बोलणं त्या माणसासमोर व्हायला हवं आणि आईच्या तोंडून व्हायला हवं. म्हणून मी ही बोलणी चतुर्थीच्या दिवसांत ठेवते. सगळे गावात असतात. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी. काहींना ते अशुभ वाटतं, त्यांच्याशी मे महिन्यात. न आलेल्याला व्हिडिओ कॉलवर घ्यावं, आणि तो होता हे पानावर लिहावं.

कागद कुठे ठेवायचा? कपाट सोडून कुठेही. मी तीन प्रती करते. एक ऑक्सिजनच्या मशीनला, प्लास्टिकच्या पाकिटात, दोरीने; आई जिथे जातील तिथे ते मशीन किंवा निदान ती दोरी जाते. एक औषधांच्या पिशवीत, डिस्चार्ज कार्डाच्या वर, खाली नव्हे. ईसीजीच्या गुंडाळीखाली गेलेला कागद सकाळीच सापडतो. तिसरी मुख्य शेजाऱ्याकडे, कारण तुमच्या घटनेत गाडी शेजाऱ्यांनी केली. त्यांना सांगितलंच नव्हतं, तर त्यांचा दोष नाही. फोटो काढून घरच्या ग्रुपवर पिन करून ठेवा. मूळ विल, नोटरीच्या शिक्क्याचं, वेगळ्या फाईलीत; ते लागेल तेव्हा घाई नसते.

आणि १०८. ती सेवा राज्यात २०१४ला सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो, आणि तिने आमच्या भागात पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण १०८ला फोन केला की गाडी वाचवायलाच येते. दारात उभं राहून पान वाचत बसणं त्यांचं काम नाही. तेव्हा दम लागल्यावर आधी फोन कोणाला, हे पानावर पहिल्या ओळीत हवं: तुमच्या गावातला डॉक्टर, नाही उचलला तर दुसरा. पडून मांडी मोडली, भाजलं, साप चावला, तर सरळ १०८; त्याला या पानाची आडकाठी नाही.

कागद एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे जाताना हमखास मरतो. कुडाळ-सावंतवाडीत लिहिलेली ऑर्डर बांबोळीच्या कॅज्युअल्टीत किंवा घाट चढून कोल्हापुरात नव्याने लिहावी लागते. तिथला डॉक्टर माझ्या सहीवर अवलंबून राहू शकत नाही आणि राहूही नये. म्हणून रेफर करताना मी चिठ्ठीच्या शेवटी नाही, पहिल्याच ओळीत लिहिते, आणि तिथल्या ड्युटी डॉक्टरला फोन करते. फोन लागतो तेव्हा काम होतं. लागत नाही तेव्हा तुम्हीच पान हातात धरून सांगायचं: "आई शुद्धीवर आहे, तिलाच विचारा." शुद्धीवर असेल तर हे वाक्य कोणत्याही कागदापेक्षा वजनदार आहे. नसेल, आणि नळी आधीच पडली असेल, तर मग ते बोर्डाचं काम; विल तिथे बाहेर काढा आणि "पहिलं बोर्ड बसवा" अशी लेखी मागणी करा. डामा करून, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध सही करून, अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी, दाबत पेशंटला घरी आणू नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, कारण दुसरी वाट कोणी दाखवत नव्हतं. करूळ घाटातून अशी एक गाडी उतरताना मी एकदा तिच्यात होते. बॅग दाबणारा पोरगा वॉर्डबॉय होता, वळणावर तो तोल सावरायचा तेव्हा दाबणं थांबायचं, आणि मुलगा प्रत्येक वळणाला विचारत होता, "आहे ना?" उंबरठा ओलांडल्यावर नळी काढायची, असं ठरलं होतं. मॉर्फिन कोणाकडेच नव्हतं.

त्यावरून आठवलं. ऑर्डरमध्ये मॉर्फिन लिहिलं आणि घरात ते नसलं तर शेवटच्या रात्री सगळे जण शेवटी रुग्णालयातच धावतात, आणि पुन्हा नळी. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावं लागतं. २०१४च्या कायदेबदलाने ते पूर्वीपेक्षा सोपं झालंय. जिल्हा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात चौकशी करा. दम लागण्यावर द्यायचा डोस अगदी लहान असतो. त्याने बद्धकोष्ठ होतं म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच हवं.

घरी मृत्यू झाला तर पोलीस येतील का, ही भीती पुष्कळांना असते. आजार माहीत असलेला, अपेक्षित मृत्यू पोलीस केस होत नाही. शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ, आणि ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांत नोंद. हा दाखला कोण देणार, तेही आधीच ठरवून पानावर लिहा. परगावचा डॉक्टर न बघता देणार नाही.

शेवटी, आईंचं मत बदललं तर? बदलू शकतं, आणि त्यांना कारण द्यावं लागत नाही. विल रद्द करायचं तर लेखी द्यावं लागतं. ऑर्डर त्यांनी तोंडी नाही म्हटलं तरी संपते. जुन्या पानावर आडवी रेघ मारून, तारीख घालून, तिन्ही प्रती बदलायच्या. दोन वेगळ्या तारखांची पानं घरात असणं हे एकही नसण्यापेक्षा वाईट. मार्चमधल्या त्या सहा दिवसांनंतर त्या "परत नको" म्हणताहेत. ते आजचं आहे की अजून चार महिन्यांनीही तसंच राहतं, हे मी असते तर दोनदा विचारलं असतं. नळी गेल्या वेळी उपयोगाची ठरली हेही त्यांना सांगितलं असतं, मग काय ते त्या म्हणतील ते.

मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे पान मी इथून लिहू शकत नाही. त्यांचा नेहमीचा डॉक्टर कोण, त्याच्याकडे हे उत्तर घेऊन जा. तो बिचकला तर माझ्याकडे पाठवा, मी बोलेन. जाताना मार्चचं डिस्चार्ज कार्ड, घरातली सगळी औषधं पिशवीसकट, आणि विलाची झेरॉक्स न्या. आणि आईंना न्या. तुम्ही एकटे गेलात तर कोणीही काही लिहून देणार नाही, आणि दिलंच तर ते घेऊ नका.